बेडकापुरता उजेड

मार्च संपत आला की आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर कुरडया आणि पापड वाळत पडतात. आमच्या गच्चीवर दिव्यांच्या माळा पडतात. आमच्या ह्यांचा धंदा लायटिंगचा. लग्न, वास्तुशांत, उरूस, जयंती, दुकानाचं उद्घाटन, जिथं म्हणून उजेडाची हौस आहे तिथं हे शिडी घेऊन पोचतात. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी गोदामातला सगळा माल वर आणायचा, एकेक माळ पसरायची, बटण दाबायचं आणि कुठला दिवा मेलाय ते बघायचं. भर उन्हात दिवा लागलेला कळत नाही, म्हणून हे काम दिवस कलल्यावर. टाकी भरली का बघायला मी वर जाते तेव्हा पायाखाली सगळी गच्ची लुकलुकत असते आणि मधोमध हे उकिडवे बसलेले असतात, तोंडात टेस्टर धरून.

यंदाही मी वर गेले. माळा तपासून झाल्या होत्या. ह्यांनी बटण बंद केलं आणि खाली यायचं सोडून तिथंच कठड्याला टेकून बसले.

"काय बघालाय?" मी विचारलं.

"काय न्हाय. बस की जरा. डोळ्याला सवय होऊ दे."

मी बसले. आधी नुसता काळोख, मग कठडा दिसला, मग टाकी, मग शेजारच्या पत्र्यावरून चाललेलं मांजर. तीस वर्षं लोकांच्या दारात झगमगाट करणाऱ्या माणसाला अंधारात बसायची गोडी लागली आहे, हे मी आमच्या नातेवाइकांत कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडेच संशयानं बघतील. ही गोडी त्यांना मटारनं लावली. मटार म्हणजे बेडूक. आमच्या प्रज्ञाचा.

प्रज्ञा आमची एकुलती एक. काही वर्षांपूर्वी ती पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. एक मैत्रीण परदेशी निघाली, तिनं पाळलेला बेडूक हिनं ठेवून घेतला. महिन्याभरात खोलीच्या मालकिणीच्या नजरेला तो पडला आणि बाईंनी सांगितलं, एक तर हा राहील नाहीतर तू. मग मार्चमधल्या एका सकाळी आमची बया एसटीतून मांडीवर काचेची पेटी घेऊन सोलापूर स्टँडवर उतरली. पेटीवर ओला टॉवेल टाकलेला. मी टॉवेलाचं टोक उचललं तर आत मनीप्लांटच्या पानावर मूठभर हिरवं काहीतरी, हातपाय पोटाखाली घेऊन, जेवून वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांसारखं बसलेलं. तोंडावर हसू. ते हसू नसतं, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी असते, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी मला वाटलं, एवढा प्रवास करून आलाय आणि हसतोय.

"हा आपल्याकडचा नाहीये, आई," प्रज्ञा म्हणाली. "ऑस्ट्रेलियातल्या झाडावरच्या बेडकांची जात. पण याचा जन्म पेटीतलाच."

"म्हणजे आपल्यासारखाच. आपलं पन गाव कुटं बघितलंय आपण," हे म्हणाले आणि त्यांनी पेटी स्वतःच्या हातात घेतली.

पुण्याला परत जाताना प्रज्ञानं काय काय करायचं ते सांगितलं. दिवसा मंद उजेड, रात्री पूर्ण अंधार. पाण्याचा फवारा सकाळ-संध्याकाळ. पेटी उन्हात ठेवायची नाही. दिवा पेटीच्या आत घालायचा नाही, वरच्या जाळीवर ठेवायचा. पेटीबरोबर एक खास दिवाही आला होता, उन्हातले सौम्य किरण देणारा, बाहेरच्या देशातला, मैत्रिणीनं दिलेला. खाऊ म्हणून एका झाकणाच्या डब्यात झुरळं होती, पाळलेली. जन्मभर मी ज्यांच्यामागे चप्पल घेऊन धावले त्यांना आता गाजराचे तुकडे घालून वाढवायचं होतं. मी तोंड वाकडं केलं, म्हणून सगळं सांगणं तिनं बाबांकडे बघून केलं.

शेवटी मात्र ती माझ्याजवळ येऊन बसली. परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकली होती. हा प्रयत्न शेवटचा, असं तिनंच ठरवलं होतं. पेपर मे महिन्याच्या अखेरीला. "आई, तिथं दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही गं," ती म्हणाली. "संध्याकाळी मी याच्याशी बोलायचे. तेवढंच. याला काही होऊ देऊ नका." हे सांगताना तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं. मी परिचारिका आहे, सरकारी दवाखान्यात जन्म गेला, माणसं काय सांगतात त्यापेक्षा कुठं बघून सांगतात ते मला आधी कळतं. त्या क्षणापासून तो बेडूक जगवणं हे माझ्या नोकरीइतकंच पक्कं काम होऊन बसलं.

आता ह्यांची एक रीत सांगते. गल्लीत कुणाकडे बाळ आलं, नवी सून आली, कुणाची पोरगी पास झाली, की हे न सांगता जाऊन त्या दारावर एक माळ लावून येतात. पैसे घेत नाहीत. पाच दिवसांनी माळ काढायला जातात तेव्हा चहा मिळतो, तेवढाच मोबदला. तर प्रज्ञाची गाडी सुटली आणि घरी येऊन मी बघते तो मटारच्या पेटीभोवती रंगीत माळ गुंडाळलेली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. चालू-बंद, चालू-बंद.

"पाव्हणा हाय घरात," हे म्हणाले. "अंधारात ठेवायचा व्हय?"

तासाभरात मटार तपकिरी पडला. हिरव्याचा तपकिरी. दवाखान्यात मी माणसं पिवळी पडलेली बघितली आहेत, निळी पडलेली बघितली आहेत, पण असा पेशंट माझ्या हाती पहिल्यांदाच येत होता. डोळे चिरेसारखे बारीक करून, पेटीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. मी माळ ओरबाडून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर परत हिरवा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या जिवाला तोंडानं सांगता येत नाही ते तो अंगानं सांगतो. रागावला, घाबरला, तापला, दिपला, सगळं कातडीवर. मी त्याच्यासमोर बसून राहिले आणि माझी दवाखान्याची बस गेली.

त्या दिवसांत घरात किती वेळ नुसतं बघण्यात गेला, त्याचा हिशेब नाही. तो पाणी पीत नाही, हे आम्हाला आठवडाभर कळलंच नव्हतं. पाण्याच्या ताटलीत नुसता बसतो आणि पोटाच्या कातडीनं पाणी आत घेतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, भरलेलं पाणी पिंपात शिळं होतं याची आम्ही आयुष्यभर कुरकुर केली; मटारला मात्र तसंच पाणी हवं, ताज्या पाण्यातलं औषध त्याला सोसत नाही. एकदा त्यानं अंगावरची कात काढली. गळ्यापासून सदरा ओढावा तशी दोन्ही हातांनी ओढली आणि तोंडात भरून गिळून टाकली. आणि गिळताना डोळे. डोळे आत जातात हो. वरचे ते दोन मणी डोक्यात बुडतात आणि घास खाली ढकलतात. मी इतकी वर्षं शरीरांमध्ये काढली, ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिले, आणि या मूठभर अंगापुढे मला वाटलं, आपल्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नाही. ह्यांना हाक मारली. हे टेस्टर हातात घेऊन आले आणि पुढचा घास होईपर्यंत तसेच उभे राहिले.

मार्चच्या शेवटी एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली आणि आली ती दांडगी होऊन आली. शेजारचा टीव्ही गेला, आमच्या फ्रिजनं एक उसासा टाकला, आणि मटारचा परदेशी दिवा कायमचा विझला. तसला दिवा सोलापुरात कुठं मिळणार. मागवायचा तर किंमत आमच्या आवाक्याबाहेरची आणि यायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक.

"दिव्यासाठी मी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू?" हे म्हणाले. "अख्खं गाव मला लायटिंगवाला म्हनतंय."

पहिल्यांदा त्यांनी पिवळा बल्ब लावला, कोंबडीच्या पिलांवर लावतात तसा. परक्या मुलखातलं जनावर, त्याला ऊब पाहिजे, असा त्यांचा हिशेब. बाहेर सोलापूरचा उन्हाळा. दहा वाजताच रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलेलं, कूलरमधून येणारं वारंसुद्धा कोमट. त्यात हा बल्ब. मी काचेला हात लावला तर चटका बसला. मटार ताटलीतल्या पाण्यात पोट टेकून बसला होता आणि त्याची नेहमी ओली चकचकणारी पाठ चामड्यासारखी निस्तेज दिसत होती. मग त्यांनी पांढरा एलईडी लावला. तो तापत नव्हता, पण असा लख्ख की मटारनं डोळे उघडलेच नाहीत. अंग तपकिरी ते तपकिरीच. आणि त्यानं खाणं सोडलं.

झुरळ समोर सोडलं तर ते पेटीभर फिरायचं, त्याच्या पाठीवरून चालून जायचं, हा हलायचा नाही. डोळ्यांवरची गुबगुबीत घडी चपटी झाली. कमरेची हाडं वर दिसायला लागली. प्रज्ञाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आम्ही तिला खरं ते सांगितलं, दिवा गेलाय, नवा करतोय, सध्या खात नाही. ती म्हणायची, "मोठा आहे तो, काही दिवस काढू शकतो. तुम्ही घाबरू नका." आणि तिचा आवाज असा यायचा की घाबरू नका हे ती कुणाला सांगतेय ते मला कळायचं.

अशात एका संध्याकाळी हे एक नळी घेऊन आले. ह्यांचे जुने दोस्त रज्जाकभाई, त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनीच दिली होती. सोबत सांगितलं होतं, "उन्हाचा दिवा मंगता ना? ये लेव. इसमें भी वोईच किरणां रहते. पैशे नक्को." पातळ, स्वच्छ काचेची नळी. हे शिडीशिवाय कधी नव्हे ते स्टुलावर चढून जाळीवर ती बसवत होते, वायर जोडून झाली होती, हात बटणाकडे चालला होता. मी स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं बाहेर आले आणि नळी बघितली.

"थांबा," मी म्हणाले. "हात काढा तिथनं."

ही नळी मी ओळखत होते. आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीत ती लावतात, सगळी माणसं बाहेर काढून, दार बंद करून. तिच्या उजेडात जंतू मरतात. माणूस चुकून आत राहिला तर डोळे भाजतात, कातडी भाजते. आणि हा जीव तर कातडीशिवायच जन्माला आल्यासारखा. किरण तेच हे रज्जाकभाईंचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं, पण ढोबळी आणि लवंगी दोन्ही मिरच्याच म्हणून लेकराच्या ताटात कुणी लवंगी वाढत नाही.

हे स्टुलावरून खाली उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. "मी आत्ता दाबनार होतो बटण," एवढंच म्हणाले. मग नळी कागदात गुंडाळून रज्जाकभाईंकडे गेले. रज्जाकभाईंनी कानाला हात लावला, आणि तशा सगळ्या नळ्या दुकानात वरच्या फळीवर उचलून ठेवल्या, परत कुणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून.

त्यानंतर ह्यांचं वागणं बदललं. त्याआधी ते दिवा लावायचे आणि मटारकडे बघायचे. आता ते आधी मटारकडे बघायला लागले. दोन दिवस काहीच लावलं नाही. खिडकीतून दिवसाचा जो काही उजेड आडून येतो तेवढाच. तो कुठल्या पानाआड बसतो, कुठल्या वेळी डोळा किती उघडतो, डोळ्यातली आडवी बाहुली किती रुंदावते, हे बघत बसायचे. मग कामाला लागले. गोदामातल्या मोडक्या पाटीवरची वीतभर एलईडीची पट्टी कापून घेतली, बारा व्होल्टवर चालणारी. तिच्यावर मांडवाच्या पांढऱ्या कापडाची दुहेरी घडी शिवायला मला दिली. पट्टी जाळीच्या बाहेरून, पेटीच्या एकाच टोकाला, म्हणजे दुसरं टोक सावलीत. त्याला हवं तिथं त्यानं जावं. मध्ये मनीप्लांटची पानं. ॲडाप्टर पार लांब भिंतीवर, फवाऱ्याचा थेंब पोचणार नाही असा. प्रत्येक सांधा टेपनं बांधून वर सिलिकॉनचा लेप. "मानसाला शॉक बसला तर हात तरी झटकतो," ते लेप देता देता म्हणाले. "ह्येचं समदं अंगच वलं." आणि उजेड कमी-जास्त करायचं एक बटण. ते बटण त्यांनी पिळत पिळत इतकं खाली आणलं, इतकं खाली आणलं, की मला पट्टी लागलीय की नाही तेच कळेना. तिथं मटारनं डोळे उघडले.

पंचवीस वर्षं या माणसानं गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला होता, अजून किती वाढवू. त्या संध्याकाळी तो बटणावर दोन बोटं ठेवून एका बेडकाला विचारत होता, अजून किती कमी करू. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दिवसा तो आता हिरवा राहू लागला. पण खाईना. संध्याकाळ झाली की परत तपकिरी, परत कोपरा. आम्ही हताश झालो. प्रज्ञाला फोनवर सगळं सांगितलं, पट्टी, कापड, बटण. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "रात्री खोलीत पूर्ण अंधार असतो ना, बाबा?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या अंगावर, भिंतीवर, पेटीवर निळा-पांढरा उजेड सांडलेला होता. एप्रिल लागला होता. आमच्या घरासमोर विहार आहे आणि जयंतीच्या आधी दहा-बारा दिवस विहारासमोर मोठी कमान उभी राहते, दर संध्याकाळी लागते. पडदे आमचे पातळ. त्या खोलीत रात्र होतच नव्हती. आणि ती कमान उभी केली होती ह्यांनीच.

कमान बंद करा असं म्हणणं शक्य नव्हतं, आणि मनातही आलं नाही. त्या कमानीसाठी ह्यांचे हात वर्षभर शिवशिवत असतात. बाकीच्या कामाचे ते पैसे घेतात, हे काम ते स्वतःसाठी करतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी या वस्तीत कंदिलावर जयंती झाली होती, त्या उजेडाला फार मोठी किंमत आहे. मग आम्ही पेटीच हलवली. आमच्याकडे अंथरुणं ठेवायची एक आतली खोली आहे, तिला खिडकी नाही, नुसता वर एक झरोका. तेवढा झरोका मंद्रूपच्या बाजारातून आणलेल्या काळ्या घोंगडीनं बंद केला. दाराच्या फटीला चादर लावली.

तो नेमका जयंतीचा दिवस. गल्ली निळ्या झेंड्यांनी भरलेली, पांढऱ्या साड्या, पोरांची धावपळ, दारोदार खिरीचे वाडगे. अंधार पडल्यावर कमानीचं मुख्य बटण ह्यांनी दाबायचं, हा दरवर्षीचा मान. त्यांनी दाबलं. कमान लखलखली, माणसांच्या तोंडावर उजेड आला, एकच गजर झाला. दरवर्षी त्यानंतर हे मिरवणुकीबरोबर चालतात, दर दहा पावलांवर मान वर करून आपल्याच दिव्यांकडे बघत. त्या वर्षी मी वळून बघते तो हे गर्दीतून उलटे घराकडे येत होते. मीही मागोमाग आले.

आतल्या खोलीत जाऊन आम्ही दार लावलं. डब्यातलं एक झुरळ मी आधीच पेटीत सोडलं होतं. आम्ही गादीच्या वळकटीला टेकून खाली बसलो. डोळ्यांसमोर काही नाही. हात वर धरला तर हात नाही. बाहेर ढोल, आत ह्यांचा श्वास. असा अंधार मी किती वर्षांत बघितला नव्हता. दवाखान्यात रात्रपाळीलाही कुठं ना कुठं लाल हिरवा ठिपका असतोच. प्रथम मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू, कुठून ते कळत नाही, अंधार पातळ व्हायला लागला. घोंगडीच्या विणीतून सुईच्या टोकाएवढं काहीतरी येत असेल. पेटीची कड दिसली. कड नव्हे, कडेचा भास. प्रज्ञानं एकदा सांगितलं होतं, आपल्याला जिथं काहीच दिसत नाही तिथं बेडकांना रंगसुद्धा दिसतात. म्हणजे या काळ्या खोलीत आत्ता त्याला पानं हिरवी दिसत होती. माझी निळी साडी निळी दिसत होती. आम्ही दोघं आंधळ्यासारखे बसलो होतो आणि तो आम्हाला बघत होता.

काचेवर काहीतरी फिकट सरकलं. त्याचं पोट. तो काचेवरून चालत होता, एकेक बोट उचलून, ठेवून, वर. मी श्वास धरला. फिकटपणा थांबला. आणि मग एक आवाज, ओल्या फडक्यानं काच पुसावी तेवढा, आणि धप्प. आणि त्यानंतर शांत.

"खाल्लं," हे म्हणाले. अगदी हळू.

"कशावरनं?"

"ऐक की."

मी ऐकलं. पेटीत इतका वेळ चाललेली झुरळाची खसखस थांबली होती. माझा हात ह्यांच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही. हे रडत होते. अंधारात दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं. बाहेर ह्यांच्या हाताचे हजारो दिवे लागलेले, त्याखाली अख्खी वस्ती नाचत होती, आणि आम्ही दोघं ज्या गोष्टीनं गदगदलो होतो ती आम्ही डोळ्यांनी बघितलीच नव्हती.

पुढचे दिवस आठवतात ते वासांनी आणि आवाजांनी. आतल्या खोलीतला ओल्या घोंगडीचा वास, फवाऱ्यानंतरचा मातीचा वास, दुपारी पट्टीचा तो ओळखू न येणारा उजेड, संध्याकाळी पाच-दहा मिनिटं आम्हा तिघांचं बसणं. मटारच्या कमरेची हाडं झाकली गेली. डोळ्यांवरची घडी परत फुगली. रज्जाकभाई एकदा बघायला आले, बूट काढून, मशिदीत यावं तसे, आणि अंधारात बसून म्हणाले, "क्या शान है इसकी." प्रज्ञाला आम्ही फोनवर खाण्याचा आवाज ऐकवला. ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. त्या दिवशी मी दवाखान्यात सगळ्यांशी इतकी गोड वागले की माझी तब्येत बरी आहे ना असं दोघींनी विचारलं.

मेच्या अखेरीला तिचे पेपर झाले. निकाल यायला वेळ लागला, पण आला तो चांगला आला. आता ती नोकरीच्या गावी असते, मटार तिच्याकडेच आहे, तिच्या पगाराच्या घरात त्याची वेगळी खोली आहे आणि तो भरपूर लठ्ठ झालाय. मला कधी कधी वाटतं, ती पास झाली ती तिच्या कष्टानं, त्यात आमचं काही नाही. पण एका जिवाला काय हवं ते त्यालाच विचारायचं, आपल्याकडे काय भरपूर आहे ते त्याच्यावर ओतायचं नाही, हे आम्ही दोघं त्या उन्हाळ्यात शिकलो, आणि लेकीला वाढवून झाल्यावर शिकलो. थोडं आधी कळतं तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात माझ्या भाच्याचं लग्न होतं, विजापूर रस्त्यावरच्या एका लॉनवर. लायटिंग अर्थातच घरचं. संध्याकाळी मी पोचले तेव्हा सगळं मैदान उजळलेलं होतं, कमान, स्टेज, कुंपण, गाड्या लावायची जागासुद्धा. फक्त मधोमध उभं असलेलं जुनं मोठं कडुनिंबाचं झाड काळं. एक दिवा नाही. त्याच्या आजूबाजूच्या उजेडामुळे ते अजूनच काळं दिसत होतं. मुलीकडचे एक काका कपाळाला आठ्या घालून ह्यांना शोधत आले.

"अहो लायटिंगवाले, एवढं मोठं झाड विसरलात की. त्यालाच तर शोभा आली असती. अजून वेळ आहे, पोरं चढवा वर."

हे हात पुसत उभे राहिले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांना सवय नाही, आणि हे काका तर व्याहीच. त्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, आत कुठंतरी पंखांची सळसळ झाली.

"इसरलो न्हाय, काका," ते म्हणाले. "तितं कुनीतरी ऱ्हातंय."